केबलवाल्याची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण

तालुक्याच्या गावी केबल टीव्हीचे जाळे चालवायचे तर केंद्र सरकारकडे नोंदणी लागते, आणि मुदत संपण्याआधी ती नव्याने करून घ्यावी लागते. जानेवारी 2025 च्या मध्यापर्यंत हे काम मुख्य टपाल कार्यालयात होत असे. दरवर्षी अर्ज, 500 रुपये शुल्क आणि पोस्टमास्तरांची सही. 17 जानेवारी 2025 पासून ते माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेले. मुदत पाच वर्षांची झाली, शुल्क 5,000 रुपये झाले, आणि पूर्वी ठरावीक भागापुरती असलेली नोंदणी देशभर लागू झाली. छोट्या चालकाचे यात भले झाले की नाही, याचे उत्तर तो नोंदणीकडून काय अपेक्षितो यावर ठरते. पुढे दोन बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी मांडल्या आहेत. एक आहे वडिलांकडून धंदा हाती आलेला केबलचालक. दुसरे आहेत अशा प्रमाणपत्रांवर सह्या केलेले निवृत्त पोस्टमास्तर.

केबल आली तेव्हा तिच्यासाठी कायदाच नव्हता. 1980 च्या दशकात एका खोलीत व्हीसीआर ठेवून इमारतीभर वायर फिरवली जाई. 1991 च्या आखाती युद्धाच्या वेळी उपग्रहावरून बातम्या दिसू लागल्या, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला, आणि गच्चीगच्चीवर डिश उभ्या राहिल्या. यासाठी 1885 च्या तार कायद्याखाली परवाना लागतो का, हा प्रश्न 1993 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर 29 सप्टेंबर 1994 रोजी केंद्राने अध्यादेश काढला. त्याखालचे नियम त्याच वर्षी झाले आणि अध्यादेशाची जागा घेणारा केबल टेलिव्हिजन जाळे विनियमन अधिनियम 1995 मध्ये आला, तोही अध्यादेशाच्या तारखेपासून लागू धरून. त्यामुळे नियम 1994 चे आणि अधिनियम 1995 चा, असा उलटा क्रम दिसतो; प्रथमच वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते.

या कायद्याचे कलम 3 थोडक्यात सांगते की केबलचालक म्हणून नोंदणी झाल्याशिवाय कोणी असे जाळे चालवू नये. नोंदणी कोणी करायची, तर त्या भागाच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या पोस्टमास्तरांनी. निवड अगदीच विचित्र नव्हती. रेडिओचे लायसन काढायला आणि त्याचे पैसे भरायला लोक पोस्टातच जात असत. ती पद्धत बंद होऊन फार वर्षे झाली नव्हती. शिवाय दिल्लीच्या मंत्रालयाला जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतःचे कार्यालय नव्हते, टपाल खात्याला होते.

चालक : मास्तर, तुमच्या सहीचं सर्टिफिकेट आमच्या कंट्रोल रूममध्ये अजून फ्रेममध्ये लावलेलं आहे. पण खरं सांगा, सही करताना तुम्ही तपासत काय होतात?

पोस्टमास्तर : अर्ज पुरा भरलाय का, पाचशे रुपये जमा झाले का, माणूस भारताचा नागरिक आहे का. कंपनी असली तर भांडवलात भारतीयांचा हिस्सा निम्म्याहून जास्त आहे का. नियमात होतं तेवढं.

चालक : डिश कुठं बसवलीय, वायर कुणाच्या खांबावरून नेलीय, कनेक्शनं किती आहेत, यातलं काहीच नाही?

पोस्टमास्तर : कनेक्शनं मोजणं आमचं काम नव्हतं, भाऊ. ते तहसीलच्या करमणूक कर शाखेचं. आणि तिथं तुम्ही लोक किती सांगत होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

हा टोला वर्मी बसण्यासारखा आहे. अॅनालॉग काळात एका वायरीतून सगळ्या वाहिन्या सगळ्या घरी जात, त्यामुळे कोणत्या घरी जोडणी आहे हे चालकाखेरीज कोणालाच नक्की कळत नसे. करमणूक कर जोडणीमागे होता, वाहिन्यांचे पैसेही जोडणीमागेच होते. म्हणून दोन्हीकडे आकडा कमी सांगितला जाई. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर राज्याचा हा कर त्यात विलीन झाला, आणि डिजिटल बॉक्स आल्यावर आकडा लपवण्याची सोयही उरली नाही. टपाल कार्यालयातल्या नोंदणीचा या सगळ्याशी कधी संबंध आलाच नाही. पोस्टात नाव, कलेक्टर कचेरीच्या शाखेत कर आणि खांबासाठी वीज कंपनी किंवा नगरपालिका, अशी तीन दारे होती आणि एका दारातली माहिती दुसऱ्याला कळत नव्हती.

चालक : मग दरवर्षी तेच कागद परत कशाला? किराणा दुकानदार दर जानेवारीत जाऊन सांगतो का, की मी अजून दुकानदार आहे म्हणून?

पोस्टमास्तर : दुकान बंद पडलं तर शटर दिसतं. तुमचा धंदा विकला गेला, भागीदार फुटले, पोरानं हातात घेतला, तर कागदावर काय दिसणार? कुणावर कारवाई करायची झाली तर आज चालवतोय कोण, हे सरकारला ठाऊक हवं. नूतनीकरण म्हणजे एवढंच. वर्षातून एकदा माणूस समोर उभा राहतो.

चालक : समोर उभा राहतो आणि पावती घेऊन जातो. तुमच्या वहीत नाव चढतं, ती वही दिल्लीत कोण वाचतं?

पोस्टमास्तर : ते मात्र खरंय. आमची वही आमच्या कपाटात. शेजारच्या जिल्ह्याची वही आम्हालाही कधी दिसली नाही.

वार्षिक नूतनीकरणामागचा हेतू चुकीचा नव्हता. तो साधण्याचे साधन मात्र नव्हते. नोंदी जिथल्या तिथे राहिल्या, आणि देशात प्रत्यक्ष किती केबलचालक आहेत हे त्यावरून सांगणे अवघड झाले. चालकाच्या बाजूने वर्षाला एक दिवस आणि पाचशे रुपये गेले. पोस्टाच्या बाजूनेही एखादा कारकून या कामाला लागला, जो पार्सले आणि बचत खाती सांभाळता सांभाळता केबलचे नियम वाचत असे.

यातली खरी विसंगती 2011 नंतर उघड झाली. त्या वर्षी कायद्यातले कलम 4अ बदलून डिजिटल ॲड्रेसेबल, म्हणजे घराघरातला बॉक्स वेगळा ओळखता येणारी, पद्धत सक्तीची करण्यात आली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही महानगरे पहिल्या टप्प्यात 31 ऑक्टोबर 2012 पर्यंत, मग 38 शहरे 31 मार्च 2013 पर्यंत. उरलेली शहरी वस्ती तिसऱ्या टप्प्यात, 2015 च्या अखेरीस. ग्रामीण भाग चौथ्यात, ज्याची मुदत सरकत सरकत 31 मार्च 2017 वर आली. नगरपालिकेची गावे तिसऱ्या टप्प्यात आणि आसपासची खेडी चौथ्यात, असे एकाच चालकाचे जाळे दोन टप्प्यांत विभागले गेले.

डिजिटल प्रक्षेपणासाठी स्वतःचे हेडएंड (वाहिन्या पकडून पुढे पाठवणारे केंद्र), सांकेतिक कुलपाची यंत्रणा आणि ग्राहकांची नोंद ठेवणारी संगणक व्यवस्था लागते. तालुक्याच्या चालकाला हा खर्च झेपणारा नव्हता. गावोगावच्या गच्चीवरच्या डिश उतरल्या आणि मोठ्या शहरातल्या एमएसओचा, म्हणजे अनेक स्थानिक चालकांना सिग्नल पुरवणाऱ्या मल्टि-सिस्टम ऑपरेटरचा, फीड फायबरवरून येऊ लागला. कालपर्यंत स्वतः वाहिन्या निवडणारा माणूस आता लोकल केबल ऑपरेटर, म्हणजे एलसीओ झाला. वायर, दुरुस्ती आणि वसुली त्याच्याकडे. सिग्नल, बॉक्स आणि बिलाची यंत्रणा एमएसओकडे.

चालक : आता गंमत बघा मास्तर. एमएसओला मंत्रालयातून रजिस्ट्रेशन मिळायचं, एक लाख रुपये भरून. त्याची मुदत किती, हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे ज्याचा फीड दहा जिल्ह्यांत जातो त्याला नूतनीकरण नाही, आणि चारशे कनेक्शनांच्या माणसानं दरवर्षी पोस्टाची पायरी चढायची.

पोस्टमास्तर : हे मला तेव्हा माहीत असतं तर मीही वर लिहिलं असतं.

चालक : वर म्हणजे कुठं?

पोस्टमास्तर : तोच तर प्रश्न होता. आमचं वर म्हणजे टपाल खातं. केबलचं वर म्हणजे दुसरं मंत्रालय.

चालकाची तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. एमएसओच्या नोंदणीची मुदत आणि नूतनीकरणाची रीत नियमांत प्रथम आली ती सप्टेंबर 2023 मध्ये. नोंदणी किंवा नूतनीकरण दहा वर्षांसाठी, नूतनीकरणालाही एक लाख रुपये प्रक्रिया शुल्क, आणि अर्ज मुदत संपण्यापूर्वी सात ते दोन महिने या अवधीत, पोर्टलवरून. मोठ्या चालकाची व्यवस्था आधी लावून छोट्याची सोळा महिन्यांनी लावली गेली. हा क्रम प्रशासनाला सोयीचा असेल, पण दरवर्षी अर्ज करणाऱ्यांची संख्या पाहता उलटा क्रम जास्त न्याय्य ठरला असता.

आता 2025 च्या बदलाकडे. एलसीओने अर्ज पोर्टलवर करायचा. आधार, पॅन आणि कंपनी असल्यास तिचा व संचालकांचा ओळख क्रमांक यांची पडताळणी झाली की प्रमाणपत्र लगेच निघते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 90 दिवस आधी. नोंदणी अधिकारी म्हणजे मंत्रालयातील कक्ष अधिकारी. त्यांनी नकार दिला तर 30 दिवसांत अवर सचिवांकडे अपील. जुनी प्रमाणपत्रे त्यांच्या मुदतीपर्यंत चालू राहिली, ज्यांचे 90 दिवसही उरले नव्हते त्यांनी तातडीने अर्ज करायचा होता, आणि टपाल कार्यालयात पडून राहिलेले अर्ज मागे घेऊन नव्याने पोर्टलवर भरायचे होते. टपालाचे प्रमाणपत्र बारा महिन्यांचे असे, त्यामुळे जुना कागद भिंतीवर आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस संपले आहेत.

चालक : पाचशेचे पाच हजार झाले. दहापट.

पोस्टमास्तर : हिशेब नीट करा. पाचशे हे साठ महिन्यांचे नव्हते, बारा महिन्यांचे होते. पाच वर्षांचे अडीच हजार तुम्ही भरतच होतात. म्हणजे दुप्पट. आणि पाच वेळा जिल्ह्याला जाण्याचं एसटीचं भाडं त्यात धरलेलंच नाही.

चालक : पैशाचं सोडा. अपील दिल्लीत. तुमच्याकडे अर्ज अडला तर मी दुपारी येऊन विचारू शकत होतो, अमुक कागद राहिलाय म्हणून तुम्ही तोंडानं सांगत होतात. पोर्टल कारण सांगेल, पण ऐकून घेईल का?

पोस्टमास्तर : ऐकून घेणारा पोस्टमास्तर मिळाला तर बरं. न ऐकणाराही असायचा, आणि त्याच्यावर अपील कुठं करायचं, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

इथे पोस्टमास्तरांचे म्हणणे वजनदार आहे. काउंटरवरची आपुलकी ही व्यक्तीवर अवलंबून असलेली गोष्ट होती. लेखी नकार आणि अपिलाची ठरलेली मुदत हा हक्क आहे. पण चालकाच्या बाजूला एक अडचण खरी आहे. गावात अनेक नोंदण्या वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर राहिल्या आणि धंदा मुलगा चालवतो. पोस्टात हे ‘घरचेच’ म्हणून चालून जाई. पोर्टलवर अर्ज आधार आणि पॅनला बांधलेला असल्याने चालवणारा एक आणि नोंदणीधारक दुसरा ही स्थिती टिकत नाही. कलम 3 चा अर्थही तोच आहे : जो जाळे चालवतो त्याच्याच नावे नोंदणी हवी. वडिलांच्या नावाचे नूतनीकरण करत राहण्यापेक्षा स्वतःच्या नावे नवी नोंदणी घेऊन एमएसओचा करारही त्याच नावावर आणणे हाच सरळ मार्ग आहे.

सर्वांत मोठा वाद मात्र ‘एरिया’चा.

चालक : माझ्या वडिलांनी या गावात पहिली वायर टाकली. तुमच्या सर्टिफिकेटवर आमच्या गावाचं नाव होतं. आता देशभर चालणारी नोंदणी म्हणजे उद्या कोणीही येऊन माझ्या गल्लीत वायर टाकू शकतो.

पोस्टमास्तर : कालही टाकू शकत होता. एकाच गावासाठी मी दोघांना सर्टिफिकेटं दिली आहेत.

चालक : दिली असतील. पण दुसरा आला की आधी बसून बोलणं व्हायचं, हद्द ठरायची, नाही तर...

पोस्टमास्तर : नाही तर रात्री लाइन तुटायची. ती हद्द कायद्यानं दिलेली नव्हती, भाऊ. तुम्ही आपसात ठरवलेली होती. सर्टिफिकेटवर गावाचं नाव होतं ते तुम्ही कुठं चालवता हे कळावं म्हणून. गाव तुमच्या नावावर करून दिलं नव्हतं.

केबलच्या धंद्यात एरिया ही मालमत्ता मानली गेली आहे. एरिया विकला जातो, वाटणीत मिळतो, त्याचा भाव जोडणीमागे ठरतो. पण 1995 च्या कायद्याने एकाधिकार कोणालाही दिला नाही, आणि नोंदणीच्या नूतनीकरणाने तो मिळत किंवा टिकत नाही. देशव्यापी नोंदणीने नवे काही काढून घेतले असे म्हणता येत नाही. कागदावर जे कधीच नव्हते ते नाही हे एवढेच स्पष्ट केले. तरी परिणाम शून्य नाही. गावाचे नाव प्रमाणपत्रावर असणे हे पोलीस ठाण्यात, नगरपालिकेत आणि एमएसओशी बोलताना चालकाच्या उपयोगी पडे. तो आधार गेला. उलट, दोन तालुक्यांच्या सीमेवर जाळे असलेल्या चालकाला आता एकच नोंदणी पुरते, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या वस्तीला जोडणी देताना दुसऱ्या पोस्टात जावे लागत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, किंवा सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या सीमेवरच्या गावांत ही सोय किरकोळ नाही.

एरियाची भीती खरी आहे, पण तिचा रोख चुकीच्या कागदाकडे आहे. छोट्या चालकाचे भवितव्य ज्या कागदावर ठरते तो मंत्रालयाचा नसून एमएसओशी केलेला आंतरजोडणी करार आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांच्या 2017 च्या विनियमांनुसार हा करार लेखी हवा. दोघांचे जमले तर नमुना करार, नाही जमले तर प्रमाणित करार. आणि प्रमाणित करारात ग्राहक जोडणीसाठी दरमहा देतो त्या नेटवर्क कपॅसिटी फीची वाटणी एमएसओला 55 टक्के आणि एलसीओला 45 टक्के अशी धरली आहे. ही फी 130 रुपये असताना, कर वगळून, एलसीओच्या वाट्याला महिन्याला घरामागे 58 रुपये 50 पैसे येत. यात लाइनमनचा पगार, अॅम्प्लिफायरची वीज, तुटलेली फायबर जोडणे आणि वसुलीला फिरणाऱ्या मुलाचे पेट्रोल. जुलै 2024 मध्ये ट्रायने या फीवरची कमाल मर्यादा काढली. किती घ्यायचे ते आता एमएसओ ठरवू शकतो. पण डीटीएच, दूरदर्शनची मोफत डिश आणि मोबाइल यांच्या स्पर्धेत फी वाढवून ग्राहक टिकवणे कितपत शक्य आहे, हे दर महिन्याला दारोदार वसुली करणाऱ्यालाच विचारावे.

पोस्टमास्तर : मग एमएसओ पटत नसेल तर बदला. नोंदणी तुमची, वायर तुमची.

चालक : आणि बॉक्स? या एमएसओचा बॉक्स त्या एमएसओच्या फीडवर चालत नाही. बदलायचं म्हणजे घरोघर नवा बॉक्स. ग्राहक विचारणार, पहिल्याचे पैसे दिले त्याचं काय. तेवढ्यात निम्मी घरं डीटीएचवर गेली तर?

पोस्टमास्तर : आणि त्यानं फीड तोडला तर?

चालक : तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोडलाच तर टीडीसॅट, म्हणजे दूरसंचार-प्रसारणाच्या वादांचं न्यायाधिकरण. तेही दिल्लीत.

नोंदणीचा आणि कराराचा दुवा इथे जुळतो. नोंदणीकृत एलसीओलाच सिग्नल मागण्याचा हक्क आहे, आणि एमएसओने भेदभाव न करता तो द्यायचा आहे. नोंदणीची मुदत उलटली की हा हक्क लटका पडतो. थकबाकी, हिशेब किंवा वाटणीवरून आधीच तणाव असेल, तर दुसऱ्या पक्षाच्या हाती आयते कारण येते. पाच वर्षांची मुदत म्हणूनच दुधारी आहे. दरवर्षी करायचे काम सवयीने लक्षात राहते. पाच वर्षांनी एकदा करायचे, तेही 90 दिवस आधी, सहज विसरले जाते.

नोंदणीशिवाय जाळे चालवणे किती महागात पडते? कलम 11 नुसार प्राधिकृत अधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, यंत्रसामग्री जप्त करू शकतात. मूळ कलम 16 मध्ये पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपये दंड, पुढच्याला पाच वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास अधिनियमाने कैद काढून तिच्या जागी सल्ला, इशारा, समज आणि आर्थिक दंड आणले. छोट्या चालकासाठी जप्ती हीच आजही जड शिक्षा आहे. कंट्रोल रूममधला ट्रान्समीटर आणि अॅम्प्लिफायर उचलले की अख्ख्या गावाचे पडदे काळे होतात आणि त्याच संध्याकाळी लोक दुसऱ्या सेवेकडे वळतात.

पोस्टमास्तर : एक मला पटत नाही. प्रमाणपत्र लगेच निघतं म्हणतात. मग तपासलं काय? आधार आणि पॅन. तुमची वायर महावितरणच्या खांबावर अकरा केव्हीच्या खाली लोंबतेय, हे पोर्टलला दिसतं का?

चालक : तुम्हालाही दिसत नव्हतं.

पोस्टमास्तर : मला रस्त्यानं जाताना दिसत होतं. करता काही येत नव्हतं, एवढंच.

या ठिकाणी दोघांचेही उत्तर अपुरे पडते. कलम 9 यंत्रसामग्री भारतीय मानकांनुसार हवी असे सांगते. कलम 4ब वायर टाकण्याच्या मार्गहक्काविषयी आहे, आणि कलम 8 दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक करते. कार्यक्रम आणि जाहिरात संहिता वेगळ्याच. नूतनीकरणाच्या वेळी यातल्या एकाचीही तपासणी पोस्टात होत नव्हती आणि पोर्टलवरही होत नाही. ते काम प्राधिकृत अधिकाऱ्यांचे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील संनियंत्रण समितीचे. ही समिती प्रामुख्याने आशयाच्या तक्रारी पाहते. लोंबत्या वायरीची तक्रार तिथे क्वचितच जाते. ती नगरपालिकेत जाते, आणि नगरपालिका एखाद्या मिरवणुकीआधी सगळ्यांच्या वायरी सरसकट कापते. नूतनीकरण ही सुरक्षेची तपासणी आहे असे मानणे आजपर्यंत कधीच खरे नव्हते. ती तशी व्हावी का, हा वेगळा प्रश्न आहे. दर पाच वर्षांनी खांब वापरण्याच्या परवानगीचा कागद अर्जाला जोडायला लावला, तर निदान चालक आणि वीज कंपनी एकमेकांच्या कागदावर येतील. तेवढे मागणे अवाजवी नाही.

गावच्या केबलवर चालणाऱ्या स्थानिक वाहिनीचाही इथे उल्लेख हवा. जत्रेचे थेट प्रक्षेपण, नगरपालिकेची सभा, दहावीच्या निकालाच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यांवर ती चालते. नोव्हेंबर 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा वाहिन्यांना प्लॅटफॉर्म सेवा म्हणून मंत्रालयाकडे नोंदवायला सांगितले : वाहिनीमागे एकदाच 1,000 रुपये, अशा वाहिन्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि नोंदणी एमएसओच्या नावे. स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ कंपनी असायला हवा. एलसीओचे स्वतःचे प्रमाणपत्र वाहिनी चालवण्याचा अधिकार देत नाही. नूतनीकरण झाले म्हणून गावची वाहिनीही नियमित झाली, हा समज चुकीचा आहे.

चालक : मग या कागदानं मला मिळतं काय, मास्तर? एरिया नाही, चॅनेल नाही, फीडची हमी नाही.

पोस्टमास्तर : धंदा करायचा हक्क. त्याच्याशिवाय बाकीच्या कशावर भांडायला उभं राहता येत नाही. आणि फायबर तुमची असेल तर इंटरनेट.

शेवटचा मुद्दा टाकाऊ नाही. 2023 च्या दुरुस्तीने केबलच्या पायाभूत सुविधा ब्रॉडबँड पुरवठादारांबरोबर वाटून वापरायला नियमांत जागा केली. तालुक्याच्या अनेक चालकांनी केबलची घटती वसुली घरगुती इंटरनेटच्या बिलांतून भरून काढायला सुरुवात केली आहे. त्यांच्यासाठी टीव्ही हा जोडधंदा आणि फायबर हा मुख्य धंदा ठरत चालला आहे. इंटरनेट पुरवण्याचा परवाना दूरसंचार विभागाकडचा, तो पुरवठादाराचा असतो. एलसीओ त्याचा स्थानिक भागीदार असतो. केबलच्या नोंदणीवर इंटरनेट विकता येत नाही, तिच्यामुळे फक्त त्याच वायरीवरून दोन्ही सेवा नेण्याचा मार्ग मोकळा होतो.

एकंदरीत, पाच वर्षांची ऑनलाइन नोंदणी ही वर्षाच्या रांगेपेक्षा चांगली व्यवस्था आहे, आणि शुल्कवाढीची तक्रार हिशेबात फारशी टिकत नाही. तिची उणीव अशी की छोट्या चालकाच्या तीन खऱ्या अडचणींपैकी, म्हणजे एमएसओशी असमान करार, न बदलता येणारा बॉक्स आणि खांबांची परवानगी, एकीलाही ती हात घालत नाही. पहिल्या दोन ट्रायच्या कक्षेत आहेत, तिसरी राज्याच्या आणि नगरपालिकेच्या. मंत्रालयाने 10 नोव्हेंबर 2023 रोजी प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. 1995 च्या कायद्याची जागा त्याने घ्यावी असा त्यात विचार होता. तो कायद्यात उतरलेला नाही. तोवर 1995 चा अधिनियम आणि वेळोवेळी सुधारलेले 1994 चे नियम हेच लागू आहेत, आणि त्यांच्यानुसार नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान 90 दिवस आधी पोर्टलवर जायला हवा.